पावसाच्या आकड्याखालची ओल

सोलापूर जिल्ह्यात पाऊस किती झाला हे सगळ्यांना ठाऊक असते. तालुक्याचा आकडा वर्तमानपत्रात येतो, मंडळनिहाय नोंद महसूल खात्याकडे असते, आणि उजनी धरण किती टक्के भरले हे तर शाळकरी पोरही सांगते. मात्र मंगळवेढ्याच्या काळ्या रानात दसऱ्याच्या सुमारास तिफण घालायची की नाही, हे यांतल्या एकाही आकड्यावरून ठरत नाही. शेतकरी रानात जातो, वरची सुकलेली माती पायाने बाजूला सारतो आणि वितीभर खालची मूठभर माती घेऊन दाबतो. गोळा वळला आणि अंगठ्याने दाबताच फुटला, तर वाफसा आहे. बोटांना चिकटला, तर अजून दोन-चार दिवस थांबायचे. वळलाच नाही, तर ओल खाली गेली. रब्बी ज्वारीचे पुढचे चार महिने या मुठीतल्या मातीवर काढायचे असतात. पेरणीनंतर पाऊस येईल असे कुणी धरून चालत नाही.

हवामान बदलाची चर्चा बहुधा तापमान आणि पाऊस या दोन रकान्यांत होते. पुढील पानांचा विषय या दोहोंच्या मधला, जमिनीच्या आतला आहे. आभाळातून आलेल्या पाण्यापैकी मुरले किती, टिकले किती दिवस, आणि पिकाच्या मुळांना ऐन गरजेला मिळाले किती? सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हवामान बदलाची झळ सर्वांत आधी इथे लागते. सरासरीइतका पाऊस झालेल्या वर्षीही ती लागते, हे ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या शेतीचे दुखणे उमगत नाही.

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथले ऊन, वारा आणि कोरडी हवा मिळून वर्षभरात जेवढे पाणी उडवून नेऊ शकतात, ते याच्या सुमारे तिप्पट. पावसाची वाटणीही वेगळी आहे. जून-जुलैत तुटक सरी, मध्येच लांबलेली उघडीप, आणि सगळ्यांत भरवशाचा महिना सप्टेंबर. म्हणून इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी पीकपद्धती त्याप्रमाणे बसवली. खरिपात भारी रान पड ठेवायचे, कुळवाच्या पाळ्या घालून तण मोडत राहायचे, उत्तरा आणि हस्ताचे पाणी रानातच जिरवायचे आणि मग ज्वारी, करडई, हरभरा पेरायचा. देशाच्या बहुतेक भागांत पिके पावसात वाढतात. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि पलीकडे विजापूर-कलबुर्गीपर्यंतच्या या पट्ट्यात मुख्य पीक पाऊस सरल्यावर उभे राहते.

या पट्ट्याने देशाला मालदांडी दिली. मोहोळच्या केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा वाण आजही रब्बी ज्वारीच्या चवीचा आणि कडब्याचा मापदंड मानला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बहामनी काळातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी सुलतानाचे धान्यकोठार भुकेल्यांसाठी खुले केल्याची कथा याच मंगळवेढ्याची. ज्या गावाची ओळखच कोठार अशी आहे, ते गाव कालव्याच्या पाण्यावर मोठे झालेले नाही. काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर झाले आहे.

ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे. पाणी मिळाले की ती फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. तिची पाणी धरण्याची ताकद विलक्षण आहे, पण ती खोलीवर अवलंबून असते. मीटरभर खोलीचे भारी रान पिकाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठवू शकते. वितीभर मातीखाली मुरूम लागणारे हलके रान जेमतेम चाळीस-पन्नास. म्हणजे एकाच पावसात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाच्या घरी रांजण भरतो आणि दुसऱ्याच्या घरी तांब्या. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. भारी आणि हलक्या रानातला शंभर मिलिमीटरचा फरक हेक्टरी दहा लाख लिटरचा होतो, आणि तो कोणत्याही पर्जन्यमापकात दिसत नाही. माळशिरसच्या बागायतीपासून सांगोल्याच्या माळरानापर्यंत जिल्ह्यात ही दोन्ही टोके आहेत.

ओलीचा अभ्यास सोलापूरला नवा नाही. कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरी येथे सुरू झाले आणि पुढे १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र उभे राहिले. नारायण विष्णु कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उतारावरून किती पाणी व माती वाहून जाते, नांगरट किती खोल असावी, रोपांत अंतर किती ठेवावे, याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. त्यातून मुंबई कोरडवाहू पद्धत नावाने ओळखली गेलेली शिफारस तयार झाली: बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, रुंद ओळी आणि वारंवार कोळपणी. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर समपातळी बांधांची कामे सोलापूर-विजापूर भागात मोठ्या प्रमाणावर झाली. अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प १९७० मध्ये सुरू झाला, तेव्हा सोलापूर त्याचे एक केंद्र झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे हे काम आज आहे. ९० वर्षांहून अधिक काळ एकाच मातीत ओलीचा हिशेब मांडणाऱ्या अशा जागा देशात मोजक्याच आहेत.

तो सगळा हिशेब एका गृहीतावर उभा होता: पाऊस लहरी असला तरी त्याच्या लहरीपणाला एक ओळखीची चौकट आहे. ती चौकट आता ढिली होते आहे.

पहिला बदल पाणी येण्याच्या रीतीत आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी पावसाचे दिवस विरळ होतात आणि पडतो तेव्हा तो धो धो पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सोलापूर त्या अभ्यासाच्या पट्ट्याच्या जरा दक्षिणेला येतो. पण भौतिकशास्त्राचा नियम तालुक्याची हद्द पाहत नाही. काळ्या मातीचा स्वभाव इथे आडवा येतो. कोरड्या भेगांतून पहिले पाणी झपाट्याने आत जाते, नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग तासाला मोजक्या मिलिमीटरवर येतो. साठ मिलिमीटर चार दिवसांत रिमझिम पडले तर रानात राहतात. तासाभरात पडले तर बहुतेक ओढ्याला लागतात आणि जाताना वरची कसदार माती घेऊन जातात. पर्जन्यमापकात मात्र दोन्ही वेळा साठच.

दुसरा बदल पाणी जाण्याच्या रीतीत. तापलेली हवा अधिक तहानलेली असते. जमिनीतून आणि पानांतून ती जास्त ओढून घेते. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नोंदले आहे. इथे एक गुंतागुंत प्रामाणिकपणे सांगायला हवी. चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांनी १९९७ मध्ये भारतातील नोंदी तपासल्या, तेव्हा बाष्पीभवन पात्रातून उडणारे पाणी आधीच्या दशकांत वाढण्याऐवजी घटलेले आढळले. हवेतला वाढता दमटपणा आणि मंदावलेला वारा यांनी तापमानाचा परिणाम काही काळ झाकून ठेवला. पुढच्या तापमानवाढीत मात्र हीच मागणी वाढत जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर पाने आपली रंध्रे थोडी मिटून घेतात आणि पाण्याची काही बचत करतात, हेही खरे. ज्वारीला टंचाईत त्याचा थोडा आधार मिळतो. पण पोटरीत आलेल्या पिकाखालची ओल संपली, तर ही बचत त्याला तारत नाही.

तिसरा बदल आभाळाने केलेला नाही, माणसाने केला आहे, आणि पहिल्या दोहोंना तो बळ देतो. मातीची पाणी धरण्याची कुवत खालावली आहे. गोठ्यातली जनावरे कमी झाली तसे शेणखत कमी झाले. या चुनखडीयुक्त मातीत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी; तापलेली माती तो आणखी लवकर जाळते. ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी खालचा थर दबतो आणि पाणी वरच अडते. भारी रान पड ठेवण्याची रीतही मागे पडली. बार्शी तालुक्यात आणि आसपास सोयाबीन, इतरत्र उडीद, तूर, मका, कांदा असे खरिपाचे पीक आले. ते नगदी आहे, म्हणून शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण सप्टेंबरअखेर रब्बीसाठी उरणारी ओल त्या पिकाने आधीच घेतलेली असते.

हे तिन्ही बदल एका पिकावर कसे उतरतात, ते ज्वारीच्या ताटाकडे पाहिले की कळते. शिफारस अशी की पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, ४५ सेंटिमीटरच्या ओळींत, हेक्टरी १० किलो बियाणे वापरून, ओलीत पडेल इतक्या खोलीवर करावी. तिसऱ्या आठवड्यात पहिली कोळपणी तण मारते. पाचव्या आठवड्यातली दुसरी वरची माती भुसभुशीत करून ओल उडण्याची वाट मोडते. आठव्या आठवड्यातली तिसरी, दातेरी कोळप्याने, पडू लागलेल्या भेगा बुजवते. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच. मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची कुटुंबे भज्जी-आंबिलाचा नैवेद्य घेऊन रानात जातात, तेव्हा ज्वारी पोटरीत किंवा निसवण्याच्या बेतात असते. त्या दिवशी पानांचा रंग आणि ओळींमधल्या भेगांची रुंदी पाहून घरातले वडीलधारे यंदा दाणा भरेल की नुसता कडबाच हाती येईल, हे सांगतात.

दाणे भरण्याच्या काळात ओल तुटली आणि जमीन तापलेली राहिली, तर खडखड्या रोग येतो. जमिनीतली बुरशी खोडाच्या बुडात शिरते, आतला गर सडतो, उरलेल्या धाग्यांवर काळी पूड धरते. बाहेरून ताट उभे दिसते. हाताने हलवले की पोकळ वाजते, आणि वाऱ्याच्या एका झोताने रानच्या रान लोळते. खडखड्याचे बीज जमिनीत कायम असते. त्याला वाट मोकळी करून देतात कोरडी माती आणि उष्णता, आणि थंडी उशिरा येणाऱ्या हिवाळ्यात या दोन्ही एकत्र येतात.

अलीकडची काही वर्षे एकापुढे एक मांडली की चित्र स्पष्ट होते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेली तीव्र कमी दाबाची प्रणाली जिल्ह्यावरून गेली. पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला, भीमेला पूर आला आणि ऐन पेरणीच्या पंधरवड्यात रानांत पाणी साचले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी राज्याने जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत करमाळा, माढा, बार्शी, सांगोला आणि माळशिरस हे पाच सोलापूरचे होते. जून २०२४ मध्ये उजनीचा साठा उणे ६० टक्क्यांच्या घरात गेला आणि ऑगस्टमध्ये धरण भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. माढा-मोहोळ भागात नदीकाठची जमीन खरडून गेली. खरडलेल्या रानाची भरपाई पैशांत देता येते. पण जी दोन-तीन फूट माती गेली तिच्याबरोबर त्या रानाची ओल धरण्याची जागाच गेली, आणि ती तयार व्हायला हजारो वर्षे लागली होती.

बागायत या संकटाबाहेर आहे असे समजण्याचे कारण नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या, ११७ टीएमसी क्षमतेच्या उजनीने भीमाकाठाला ऊस दिला. राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा ही ओळख दिली. त्याच जिल्ह्यात धरणापासून दूरच्या रानाला अजून आभाळाकडेच पाहावे लागते. सांगोल्याच्या शेतकऱ्यांनी हलक्या, मुरमाड रानात ठिबकवर डाळिंब उभे करून नवा मार्ग काढला. पण अवकाळी पावसाने तेल्या रोग पसरला, त्यात मर आणि खोडकिडीची भर पडली आणि अनेक बागा काढाव्या लागल्या. कोरड्या हवेसाठी निवडलेल्या पिकाला नको त्या वेळी आलेली ओल मारते. एकाच तालुक्यात एका रानाला कमी ओलीने आणि दुसऱ्याला अवेळी ओलीने नुकसान होते, ते यामुळे.

मग ही ओल मोजायची कशी? केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाच्या तुटीबरोबर मातीतील आर्द्रता हाही एक निकष मानला. नासाचा स्मॅप उपग्रह जानेवारी २०१५ पासून, तर इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ पासून अवकाशात आहे. निसार दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहतो. ही मोठी सोय आहे, पण तिची मर्यादा सोलापूरला सर्वांत जास्त जाणवेल. उपग्रहाच्या लहरी मातीचा वरचा काही सेंटिमीटरचा थर पाहतात. डिसेंबरात सोलापूरचा तो थर कोरडा ठणठणीत असतो आणि ज्वारीची मुळे मीटरभर खालच्या ओलीवर जगत असतात. खाली ओल असलेले आणि नसलेले, दोन्ही राने वरून सारखीच दिसतात. एकात दाणा भरणार असतो, दुसऱ्यात खडखड्या वाट पाहत असतो. खोलवरची ओल कळायची तर जमिनीत उतरूनच मोजावी लागते.

उपायांची कमतरता नाही. जुलैत रानात सपाट वाफे पाडून पाणी जागीच जिरवले, तर रब्बीची ओल वाढते, हे सोलापूरच्या केंद्राचेच काम. जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणही तयार आहेत: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. सोयाबीनला रुंद सरी-वरंबा जास्तीचे पाणी बाहेर काढतो आणि खंड पडला तर ओलही धरतो. तलावातला गाळ हलक्या रानात टाकला की मातीची खोली वाढते. राज्याने २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजनाच आणली. जलयुक्त शिवार योजनेने नाले खोल-रुंद केले, विहिरींना पाणी आले. पण विहिरीचे पाणी आणि रानाची ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाल्यात अडवलेले पाणी मोटार असलेल्याला मिळते. बांधाच्या आत जिरलेले पाणी ज्याचे रान त्यालाच मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजूने विचार करायचा, तर पैसा आणि मेहनत आधी बांधाच्या आत लागली पाहिजे.

पुढील पाने वाचताना वाचकाने पावसाचा आकडा दिसेल तिथे एक प्रश्न जोडावा: यातले मुरले किती आणि टिकले किती? हाच प्रश्न ग्रामसभेत, पीकविम्याच्या पंचनाम्यात आणि जिल्हा नियोजनाच्या बैठकीत विचारला गेला पाहिजे. प्रत्येक महसूल मंडळात पर्जन्यमापक आहे. त्याच्या शेजारी हलक्या, मध्यम आणि भारी अशा तीन रानांतली मीटरभर खोलीपर्यंतची ओल सप्टेंबर ते जानेवारी दर पंधरवड्याला नोंदवून गावाच्या फळ्यावर लावणे, हे काही अवघड काम नाही. कोरडवाहू संशोधनाचा एवढा जुना वारसा असलेल्या सोलापूरने ते राज्यात सर्वांत आधी सुरू करावे, आणि त्या नोंदीवरच पेरणीचा सल्ला, विम्याची भरपाई व दुष्काळाची घोषणा ठरावी.